फाइल ‘वापरात आहे’ म्हणते, पण कोण वापरतंय ते सांगत नाही

दप्तरदार
विंडोज ११ प्रो. अडचणी तीन आहेत, पण मूळ एकच असावं असं वाटतं म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

एक: एका फोल्डरचं नाव बदलायला गेलं की ‘हा फोल्डर किंवा यातली फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असा संदेश येतो. कोणत्या प्रोग्रॅममध्ये, त्याचा पत्ता नाही. समोर तरी काहीच उघडं दिसत नाही. आत स्कॅन केलेल्या पीडीएफ, थोडे व्हिडिओ आणि बरेच उपफोल्डर आहेत.

दोन: दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमधली एक्सेल फाइल ‘अमुक व्यक्ती संपादन करत आहे’ म्हणते आणि फक्त वाचण्यापुरती उघडते. त्या व्यक्तीने एक्सेल केव्हाच बंद केलंय.

तीन: बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क इजेक्ट होत नाही. ‘डिव्हाइस वापरात आहे.’

फाइल नेमकी कोणी धरून ठेवली आहे ते कसं बघायचं? आणि सापडल्यावर काय बंद केलेलं चालतं, काय नाही? ‘अनलॉक’ करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, ती वापरावीत का?


हँडलवाला
मूळ एकच नाही, तिन्हींची धरणारी ठिकाणं वेगळी आहेत. पहिल्याचं सांगतो, बाकीच्यांचं इतर लोक सांगतीलच.

विंडोजमध्ये प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा दोन गोष्टी सांगतो: मला हिचं काय करायचंय, आणि ती माझ्याकडे असेपर्यंत इतरांना काय करू द्यायचं. या दुसऱ्या भागात तीन सवलती असतात: वाचणं, लिहिणं, काढून टाकणं. नाव बदलणं आणि हलवणं हे विंडोजच्या हिशेबी ‘काढून टाकण्या’च्या सवलतीत मोडतं. बरेच प्रोग्रॅम वाचायची सवलत देतात आणि ही देत नाहीत. म्हणून फाइल बिनदिक्कत उघडते, कॉपी होते, पण तिचं नाव काही बदलत नाही.

कमांडने काम करत असाल तर त्रुटीचा क्रमांक बघा. ३२ म्हणजे दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवली आहे. ३३ म्हणजे फाइलचा एखादा तुकडाच कुलूपबंद आहे, डेटाबेसच्या फाइलींबाबत हे दिसतं. ५ म्हणजे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. हा बहुतेक वेळा परवानग्यांचा मामला असतो, पण चालू असलेली ईएक्सई फाइल (म्हणजे प्रोग्रॅमचीच फाइल) उडवायला गेलात तरीही हाच क्रमांक येतो, त्यामुळे लोक उगाच मालकी हक्क बदलत बसतात.

फोल्डरचं आणखी एक आहे. त्याच्या पोटात कितीही खोल एखादी फाइल उघडी असली तरी वरच्या फोल्डरचं नाव बदलत नाही. आणि फाइल उघडी नसतानाही फोल्डर अडकतो: कमांड प्रॉम्प्टची किंवा टर्मिनलची खिडकी त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली असेल तर तेवढं पुरतं. तिथून सुरू केलेल्या प्रोग्रॅमलाही तोच चालू फोल्डर मिळतो, त्यामुळे खिडकी बंद केली तरी मागे राहिलेला प्रोग्रॅम तो सोडत नाही.

शोधायला तीन साधनं, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘फाइल लॉकस्मिथ’. फोल्डरवर उजवी क्लिक, ‘अनलॉक विथ फाइल लॉकस्मिथ’. पोटातल्या सगळ्या फाइली तपासून कोणत्या प्रोग्रॅमने काय धरलंय त्याची यादी देतं आणि तिथेच ‘एंड टास्क’चं बटण असतं. यादी रिकामी आली तर लगेच हार मानू नका, त्याच खिडकीतून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा सुरू करा. साध्या अधिकारात सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) आणि दुसऱ्या युजरचे प्रोग्रॅम दिसतच नाहीत.

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर रिसोर्स मॉनिटर. विंडोज आणि आर ही कळ दाबून ‘रेसमॉन’ टाइप करा (अर्थात रोमन अक्षरांत), ‘सीपीयू’ टॅब उघडा, ‘असोसिएटेड हँडल्स’ (हँडल म्हणजे उघडलेल्या फाइलसाठी प्रोग्रॅमला मिळालेला क्रमांक) या पट्टीतल्या शोधचौकटीत फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावाचा तुकडा टाका. पूर्ण मार्ग लिहायची गरज नाही. नाव फार सामान्य असेल तर यादी लांबते, तेव्हा वेगळा ओळखू येईल असा तुकडा निवडा.

तिसरं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’. हे सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं. हा संच २००६पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे, फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावा लागत नाही. ‘फाइंड’ मेनूत ‘फाइंड हँडल ऑर डीएलएल’. याचा खरा उपयोग डीएलएल (प्रोग्रॅम गरजेप्रमाणे चढवून वापरतात ती कोडची फाइल) अडकली असेल तेव्हा. डीएलएल आणि ईएक्सई या स्मृतीत जोडलेल्या असतात, त्यांच्यावर साधं हँडल उघडं असेलच असं नाही, त्यामुळे फक्त हँडल शोधणाऱ्या साधनांना त्या सापडत नाहीत.

‘ओपनफाइल्स’ नावाची जुनी कमांडही कोणीतरी सुचवेल. स्थानिक फाइलींसाठी ती आधी चालू करून रीस्टार्ट करावं लागतं आणि नंतर यंत्राचा वेग थोडा मार खातो. वरची तीन असताना तिच्या वाटेला जाऊ नका.


खटपट्या
व्हिडिओ आणि पीडीएफ आहेत म्हणता, तर माझा पहिला संशय एक्सप्लोररवरच. उजव्या बाजूची प्रीव्ह्यू पट्टी चालू असेल तर निवडलेली फाइल तीच उघडून ठेवते. ऑल्ट आणि पी दाबून पट्टी बंद करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये जा आणि मग नाव बदलून बघा. व्हिडिओची छोटी चित्रं बनवण्याचं काम ‘कॉम सरोगेट’ करतो. यादीत तो ‘डीएलएलहोस्ट’ या नावाने दिसेल. एखादा व्हिडिओ अर्धवट उतरलेला किंवा बिघडलेला असला की तो त्याच्यावर अडकून बसतो. याला बंद केलं तर काही नुकसान नाही, लागेल तेव्हा विंडोज नवा सुरू करते.

एक्सप्लोररनेच धरलं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडा आणि ‘रीस्टार्ट’ दाबा. क्षणभर टास्कबार जाऊन परत येईल. उघड्या फोल्डरच्या खिडक्या जातील, बाकी प्रोग्रॅमना धक्का लागत नाही. मात्र एक्सप्लोरर काही कॉपी करत असेल तर ती कॉपी तुटते, तेवढं आधी बघा.

इतर नेहमीचे गिऱ्हाईक:

वनड्राइव्ह किंवा तसलं सिंक करणारं काही. प्रोग्रॅम मारू नका, त्याच्या चिन्हावरून सिंक थोडा वेळ थांबवा.

सर्च इंडेक्सर आणि अँटिव्हायरस. हे फाइल क्षणभर धरतात आणि सोडतात. नुकतीच उतरवलेली किंवा झिपमधून काढलेली मोठी फाइल असेल तर थोडं थांबून पुन्हा करा. विंडोजचाच अँटिव्हायरस असलेल्या डिफेंडरची प्रोसेस बंद करायला गेलात तर विंडोज करूच देणार नाही, तो वेळ वाया.

मागे उरलेलं एक्सेल किंवा वर्ड. खिडकी दिसत नाही पण टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये नाव असतं. एक्सेलकडून स्क्रिप्टने काम करून घेणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं: स्क्रिप्टने वर्कबुक बंद केलं, पण ‘क्विट’ सांगितलं नाही किंवा एखादा संदर्भ सोडलाच नाही, की एक्सेल अदृश्य होऊन फाइल धरून बसतं.

बंद करायचा क्रम पाळा. आधी प्रोग्रॅम त्याच्या खिडकीतून नीट बंद करा. खिडकी असूनही प्रतिसाद नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘टास्ककिल /पीआयडी ४३२१’, म्हणजे नुसती विनंती. यात सेव्ह करू का हा प्रश्न विचारायची संधी प्रोग्रॅमला मिळते. (४३२१ च्या जागी त्या प्रोग्रॅमचा क्रमांक, म्हणजे पीआयडी; कमांड रोमन अक्षरांत.) ऐकलं नाही तरच शेवटी ‘/एफ’ जोडा, आणि त्याने सुरू केलेले उपप्रोग्रॅमही घालवायचे असतील तर ‘/टी’. खिडकीच नसलेल्या प्रोग्रॅमला नुसती विनंती पोचतच नाही, तिथे ‘/एफ’ लागतोच. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमधलं ‘एंड टास्क’ थेट मारतं, विचारत नाही.

धरणारा ‘एसव्हीसीहोस्ट’ (विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्रॅम) निघाला तर थेट मारू नका. ‘टास्कलिस्ट /एसव्हीसी’ने त्या क्रमांकाखाली कोणती सर्व्हिस आहे ते बघा आणि सर्व्हिसेसच्या खिडकीतून तेवढीच थांबवा. ‘सीएसआरएसएस’, ‘विनइनिट’, ‘एलसॅस’ या विंडोजच्या मूळ प्रोग्रॅमना हातही लावायचा नाही. यंत्र निळा पडदा दाखवेल किंवा आपोआप रीस्टार्ट होईल.


निळापडदा
एवढं सगळं करण्यापेक्षा शटडाउन करून पुन्हा चालू करा ना. दोन मिनिटांचं काम.


हँडलवाला
शटडाउन आणि रीस्टार्ट एकच नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनमध्ये तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर झोपवून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तसेच उठवले जातात. धरणारा ड्रायव्हर असेल तर शटडाउननंतरही फाइल अडकलेलीच मिळू शकते. करायचंच असेल तर ‘रीस्टार्ट’ करा, त्यात सगळं नव्याने सुरू होतं. पण कोणी धरलं ते कळलं नाही तर तीच फाइल पुन्हा अडकणार, आणि धाग्यातला प्रश्न तोच आहे.

‘अनलॉक’वाल्या सॉफ्टवेअरचं राहिलं होतं. त्यातली बरीच दोन कामं करतात: प्रोग्रॅम बंद करणं, किंवा प्रोग्रॅम चालू ठेवून त्याच्या हातातलं फक्त हँडल हिसकावणं. पहिलं तुम्ही स्वतःच करू शकता. दुसरं धोक्याचं आहे. प्रोसेस एक्सप्लोररमध्येही ‘क्लोज हँडल’ आहे आणि ‘हँडल’ नावाच्या कमांडमध्येही तो पर्याय आहे, म्हणून कारण नीट सांगतो.

हँडल म्हणजे प्रोग्रॅमपुरता एक क्रमांक. तुम्ही तो बाहेरून बंद केलात हे प्रोग्रॅमला कळत नाही. विंडोज मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वापरते. त्याच प्रोग्रॅमने पुढच्या क्षणी दुसरी फाइल उघडली आणि तिला नेमका तोच क्रमांक मिळाला, तर पहिल्या फाइलचा मजकूर तो दुसऱ्या फाइलीत लिहून मोकळा होईल. कुठलीही त्रुटी येणार नाही. दिवसांनंतर फाइल उघडल्यावर कळेल. त्यामुळे लेखन चालू असलेल्या प्रोग्रॅमचं, विशेषतः डेटाबेसचं आणि मेलच्या प्रोग्रॅमचं हँडल कधीही असं बंद करू नये. सिस्टम प्रोसेसचं केलंत तर यंत्रच कोसळू शकतं. मारायचाच तर अख्खा प्रोग्रॅम मारा. मग त्याची सगळी हँडलं विंडोज स्वतः व्यवस्थित मिटवते.

शिवाय अशा साधनांच्या जुन्या इन्स्टॉलरांसोबत जाहिरातींचं सॉफ्टवेअर चिकटून येत असे. पॉवरटॉइज असताना ती जोखीम कशाला.


जाळेकरी
एक्सेलचा प्रश्न माझ्याकडे. सामायिक फोल्डर ज्या संगणकावर आहे, लॉकचा हिशेब त्याच संगणकाकडे असतो. तुमच्या यंत्रावर कितीही शोधा, दुसऱ्याने धरलेली फाइल दिसणार नाही. त्या सर्व्हर-संगणकावरही साध्या साधनांत फक्त ‘सिस्टम’ असे दिसेल, कारण नेटवर्कवरच्या सगळ्यांच्या वतीने फाइल तोच उघडतो.

तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्याखाली ‘ओपन फाइल्स’. फाइल, युजर आणि ती वाचण्यासाठी उघडली आहे की लिहिण्यासाठी, हे तिन्ही दिसते. उजव्या क्लिकने ‘क्लोज ओपन फाइल’. हेच काम पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ने यादी काढून आणि ‘क्लोज-एसएमबीओपनफाइल’ला फाइलचा आयडी देऊन होते. बंद करण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. तिच्याकडे सेव्ह न केलेले काम असेल तर ते जाऊ शकते.

‘ओपन फाइल्स’मध्ये फाइल दिसतच नसेल आणि तरी एक्सेल नाव दाखवत असेल, तर ते नाव वेगळ्या ठिकाणाहून येते. एक्सेल फाइल उघडताना शेजारीच एक छोटी लपलेली फाइल बनवते, तिचे नाव लहरी चिन्ह (~) आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. नीट बंद केल्यावर ती आपोआप जाते. एक्सेल कोसळले किंवा लिहिताना नेटवर्क तुटले की ती मागे राहू शकते. लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करा, मूळ फाइल खरोखर कोणाकडेच उघडी नाही याची ‘ओपन फाइल्स’मध्ये खात्री करा, आणि मग ती छोटी फाइल काढून टाका. लिबरऑफिसचीही अशीच फाइल असते, तिच्या नावाची सुरुवात टिंब, लहरी चिन्ह आणि ‘लॉक’ अशी.

सामायिक फोल्डर काढून टाकताना ‘थम्ब्स डॉट डीबी’ आड येत असेल तर तो छोट्या चित्रांचा साठा आहे आणि तो कोणाच्या तरी एक्सप्लोररने धरलेला असतो. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमधून, युजर कॉन्फिगरेशनखालच्या फाइल एक्सप्लोरर विभागात, हा साठा बनवणे बंद करता येते. ते प्रत्येक वापरणाऱ्याच्या संगणकावर करावे लागते, सर्व्हरवर करून उपयोग नाही.


दप्तरदार
सगळ्यांचे आभार. फोल्डरमध्ये दोघे सापडले: कॉम सरोगेट एका अर्धवट उतरलेल्या व्हिडिओवर, आणि एका उपफोल्डरात उघडं राहिलेलं टर्मिनल. दोन्ही बंद केल्यावर नाव बदललं. एक्सेलची लपलेली फाइल मागे राहिली होती, तीही गेली.

हार्ड डिस्क मात्र अजून सुटत नाही. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये तिच्या ड्राइव्हचं अक्षर टाकून शोधलं तर ‘सिस्टम’, पीआयडी ४. याला तर मारता येणार नाही ना?


खटपट्या
नाही. पीआयडी ४ म्हणजे विंडोजचा गाभाच. त्याच्याकडून फाइल सोडवायची तर त्याला ती कोणी धरायला लावली ते शोधावं लागतं.

आधी इव्हेंट व्ह्यूअर बघा. ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टम’, आणि इव्हेंट आयडी २२५ने गाळा. इजेक्ट अडलं की ‘कर्नेल-पीएनपी’ तिथे नोंद करतो: कोणत्या प्रोग्रॅमने, कोणत्या पीआयडीने अडवलं. तुम्ही इजेक्ट दाबल्याच्या वेळेची नोंद बघा. तिथे सिस्टमखेरीज दुसरं नाव असेल तर काम सोपं. कधी कधी ते नाव चक्क टास्क मॅनेजरचंच असतं. डिस्क कोण वापरतंय हे बघायला उघडलेला असतो आणि डिस्कवर त्याचीच नजर असते.

तिथेही पीआयडी ४ असेल तर हे तपासा:

डिस्कवरची एखादी आयएसओ फाइल (सीडी-डीव्हीडीची फाइलरूपी प्रत) डबल क्लिकने उघडली होती का? विंडोज तिला वेगळा ड्राइव्ह म्हणून जोडते आणि खिडकी बंद केल्यावरही तो जोडलेला राहतो. ‘धिस पीसी’मध्ये जादा डीव्हीडी ड्राइव्ह दिसत असेल तर त्यावर उजवी क्लिक, ‘इजेक्ट’.

व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कची फाइल) जोडली आहे का? डिस्क मॅनेजमेंटमध्ये निळसर चिन्हाची डिस्क, तिच्यावर उजवी क्लिक करून ‘डिटॅच व्हीएचडी’.

त्या डिस्कवर पेजफाइल (स्मृती कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) ठेवली आहे का? ती हलवून रीस्टार्ट करावंच लागतं.

त्या डिस्कवरचा फोल्डर नेटवर्कवर सामायिक आहे का? मग वर जाळेकरींनी सांगितलेलं ‘ओपन फाइल्स’ तुमच्याच यंत्रावर बघा.

यातलं काहीच नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कच्या नावावर (विभागाच्या पट्टीवर नव्हे, डावीकडच्या ‘डिस्क २’ वगैरे चौकटीवर) उजवी क्लिक करून ‘ऑफलाइन’ करा आणि मग काढा. पुढच्या वेळी जोडल्यावर ती दिसणार नाही, तिथेच जाऊन ‘ऑनलाइन’ करावी लागते. हे न कळल्यामुळे डिस्क मेली समजून लोक घाबरतात. पेन ड्राइव्हला हा पर्याय मिळत नाही.


पेंग्विनपंथी
लिनक्सवाल्यांसाठी जोड देतो, कारण तिथे गणित उलटं आहे. उघडी फाइल काढून टाकता येते, पण धरणारा प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत जागा मोकळी होत नाही. ‘डीएफ’ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) डिस्क भरली म्हणते, ‘डीयू’ला (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) तेवढ्या फाइली सापडत नाहीत, असं दिसलं की ‘एलएसओएफ +एल१’ चालवा. नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली दाखवते. बहुतेक वेळा एखादी प्रचंड लॉग फाइल असते. ती लिहिणारी सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा परत.

डिस्क सोडवणाऱ्या ‘यूमाउंट’ कमांडला ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर ‘फ्यूजर -व्हीएम’ आणि माउंटचा मार्ग (डिस्क ज्या फोल्डरवर जोडली आहे तो). आउटपुटमध्ये ‘सी’ असेल तर कोणीतरी फक्त त्या फोल्डरमध्ये उभं आहे, बहुधा तुमचंच टर्मिनल. ‘फ्यूजर -केएम’ने सगळ्यांना मारता येतं, पण मार्ग चुकला आणि तो माउंटच नसला तर तो फोल्डर ज्या फाइल सिस्टमवर आहे तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम मरतात, म्हणजे बहुधा अख्खं यंत्र. मोठा ‘एम’ही जोडा, मग माउंट नसलेल्या मार्गावर ती काहीच करत नाही. ‘यूमाउंट -एल’ने नाव नजरेआड होतं, डिस्क मात्र वापरातच राहते, त्यानंतर केबल ओढू नका.

आणि ‘एपीटी’ (उबुंटू-डेबियनवर पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअर, इन्स्टॉल करणारं साधन) लॉकची तक्रार करतं तेव्हा लॉकची फाइल काढून टाकायचा सल्ला सगळीकडे सापडतो. तो पाळू नका. कुलूप नावावर नसतं, उघडलेल्या फाइलीवर असतं. जुनी काढून नवी बनली की नव्या फाइलीवर दुसऱ्या प्रोग्रॅमला वेगळं कुलूप मिळतं, आणि दोघेही एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदी लिहायला लागतात. पार्श्वभूमीत आपोआप अपडेट चालू असतं, ते संपू द्या.

मॅकवरही ‘एलएसओएफ’ आहे आणि फाइलचा मार्ग देऊन तशीच चालते.


दप्तरदार
व्हीएचडीएक्सच होती. बॅकअप बघायला जोडलेली, डिटॅच करायची राहिली. डिस्क निघाली.

शेवटचं एक: एका जुन्या प्रोग्रॅमची डीएलएल फाइल जात नाही. प्रोग्रॅम काढून टाकलाय, तरी ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’.


हँडलवाला
प्रोसेस एक्सप्लोररमध्ये डीएलएलचं नाव शोधा. उजव्या क्लिकच्या मेनूत भर घालणाऱ्या प्रोग्रॅमची असेल तर ती एक्सप्लोररमध्ये चढलेली सापडेल. एक्सप्लोरर रीस्टार्ट करा आणि एकही फोल्डर न उघडता कमांड प्रॉम्प्टमधून लगेच काढा. उशीर केलात तर एक्सप्लोरर ती पुन्हा चढवेल.

चढलेली डीएलएल काढता येत नसली तरी तिचं नाव बहुधा बदलता येतं. नाव बदला, रीस्टार्ट करा, मग ती कोणी चढवणार नाही आणि सहज जाईल.

तेही नाही जमलं तर सिसइंटर्नल्सचं ‘मूव्हफाइल’ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा: कमांड, मग फाइलचा पूर्ण मार्ग, मग रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं. रिकामं ठिकाण म्हणजे ‘काढून टाक’. हे लगेच होत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) नोंद होते आणि पुढच्या बूटच्या वेळी, बाकी प्रोग्रॅम जागे होण्याआधी विंडोज ते उरकते. नोंद झाली का ते ‘पेंडमूव्ह्ज’ने बघता येतं. मार्ग दोनदा वाचून घ्या, तिथे कचरापेटीचा आधार नसतो.

कुठल्याच प्रोग्रॅममध्ये ती सापडली नाही, तर लॉक नाही, परवानगीची भानगड आहे. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ टॅब बघा.